भगवानदादांच्या मागे उभे असलेले ट्रम्पेटवाले

१/
'अलबेला' हा चित्रपट १९५१ साली प्रदर्शित झाला. त्यातील 'दीवाना ये परवाना' हे नृत्यगीत पुन्हा एकदा पाहा. मात्र या वेळी भगवान आणि गीता बाली यांच्यावरची नजर काढून ती मागच्या वादकांकडे न्या. लॅटिन अमेरिकी धाटणीच्या पोशाखातला तो वाद्यवृंद ट्रम्पेट वाजवणाऱ्या एका गृहस्थांचा आहे. पुढे नाचणारा नायक आपल्या अमरावतीत जन्मलेला, मागचे ट्रम्पेटवाले गोव्यातील हळदोण्याचे. नायकाचे नाव वऱ्हाडात सर्वांना ठाऊक आहे. आजचा थ्रेड मागच्या मंडळींविषयी आहे.

२/
या ट्रम्पेटवादकांचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या रात्रजीवनात मात्र ते 'चिक चॉकलेट' या नावाने प्रसिद्ध होते. 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' अशी त्यांची ख्याती होती. १९३५ ते १९६५ या तीन दशकांत मुंबईच्या बड्या हॉटेलांत आणि नाइटक्लबांत गोमंतकीय, पारशी व अँग्लो-इंडियन वादकांचे जे वर्तुळ तयार झाले, त्यातील हे एक ठळक नाव. अमरावती-अकोल्यातील सर्वसामान्य माणसाने अशा क्लबाचा उंबरठा कधी ओलांडला नाही. तरीही त्या क्लबांतले संगीत आपल्या वरातीपर्यंत पोहोचले. ते कोणत्या वाटेने, हा आजचा प्रश्न.

३/
जागतिक इतिहासात नाइटक्लबच्या कलावंतांचे सर्वांत गाजलेले वर्तुळ म्हणजे अमेरिकेतील 'रॅट पॅक'. फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन, सॅमी डेव्हिस ज्युनियर, पीटर लॉफर्ड आणि जोई बिशप हे पाच जण १९६० च्या आरंभी लास व्हेगासच्या 'सँड्स' हॉटेलात रात्री रंगमंचावर असत आणि दिवसा 'ओशन्स इलेव्हन'चे चित्रीकरण करीत. नाइटक्लब आणि सिनेमा यांचे असेच नाते मुंबईतही होते, फरक श्रेयाचा. सिनात्रांचे नाव पडद्यावर सर्वांच्या आधी झळके. आपल्या वादकांचे नाव बहुतेक वेळा पडद्यावर आलेच नाही.

४/
आरंभ ताजमहाल हॉटेलपासून करावा लागतो. जमशेटजी टाटांचे हे हॉटेल डिसेंबर १९०३ मध्ये उघडले. तेथील नृत्यगृहात युरोपीय अधिकारी, संस्थानिक, पारशी धनिक आणि कापसाचे बडे व्यापारी यांची वर्दळ असे. मुंबईच्या कापूस बाजाराची श्रीमंती ज्या मालावर उभी होती, त्यातील मोठा वाटा आपल्या काळ्या मातीतून रेल्वेने जात होता, हे जाता जाता ध्यानात ठेवावे. वऱ्हाडचा कापूस मुंबईला गेला. तिकडचे सूर वऱ्हाडात यायला मात्र अर्धशतक लागले.

५/
१९३५ च्या हिवाळ्यात ताजमध्ये एक विलक्षण घटना घडली. मिनेसोटाचे व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा संच घेऊन तेथे दाखल झाले. ज्या देशात अशा वादकांना अनेक हॉटेलांत मागच्या दाराने प्रवेश करावा लागे, त्या देशातून आलेली ही मंडळी वसाहतीतल्या सर्वांत प्रतिष्ठित हॉटेलात मध्यवर्ती आकर्षण ठरली. मुंबईतील स्थानिक वादकांनी जॅझ तोवर मुख्यतः रेकॉर्डवर ऐकले होते. आता ते त्यांच्या डोळ्यांदेखत वाजू लागले.

६/
ॲबींपाठोपाठ कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड ताजमध्ये आले. वेदरफोर्ड शिकागोतून शांघायमार्गे पूर्वेकडे आलेले. ते येथेच रमले आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारले. या पाहुण्यांनी वाद्यवृंदांत स्थानिक वादक घेतले, त्यांच्यासोबत वाजवले. 'स्विंग' नावाची गोष्ट कागदावरील स्वरलिपीत पूर्णपणे उतरत नाही, ती शेजारी बसून अंगात मुरवावी लागते. गोमंतकीय वादकांना ती संधी येथे मिळाली.

७/
पण गोमंतकीयच का? याचे उत्तर नाइटक्लबात नसून चर्चच्या आवारात आहे. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात गावोगावच्या चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत. 'मेस्त' म्हणजे संगीतशिक्षक. त्याच्या धाकात मुलगा प्रथम सोल्फेजिओ घोकी, मग व्हायोलिन वा अन्य वाद्य हाती घेई. हेतू हा की प्रार्थनेला वादक मिळावेत. घडले असे की शेतीत भागत नसलेल्या घरांतील मुलांच्या हाती देशभर चालेल असे एक कौशल्य आले.

८/
ही मुले मुंबईला आली की धोबी तलावच्या 'कुडां'त उतरत. कूड म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेले सामायिक निवासस्थान: भिंतीला ओळीने लावलेल्या ट्रंका, मध्ये देवघर, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. खलाशी, आचारी, शिंपी आणि वादक एकाच छपराखाली राहत. संध्याकाळी याच ट्रंकेतून इस्त्रीचा कोट बाहेर निघे आणि तिचा मालक ताजच्या झगमगाटात उभा राही. रात्री उशिरा तो पुन्हा त्याच दाटीवाटीत परते.

९/
दुसऱ्या महायुद्धाने या वादकांचे दिवस पालटले. परदेशी सैनिकांनी मुंबई, कलकत्ता, लाहोर, मसुरी येथील नृत्यगृहे भरून गेली. ताजमध्ये १९३९ पासून मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद वाजू लागला आणि पुढे सुमारे दोन दशके तो तेथेच राहिला. शेजारच्या ग्रीन्स हॉटेलात चिक चॉकलेट आपला 'म्युझिक मेकर्स' हा संच घेऊन उभे राहिले. फॉक्सट्रॉट, रुंबा, साम्बा, काँगा हे शब्द मुंबईच्या एका छोट्या वर्गाच्या रोजच्या बोलण्यात आले.

१०/
याच काळात एका वादकाच्या मनात वेगळाच प्रश्न उभा राहिला. कुडचड्याचे ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड १९४६ च्या सुमारास मसुरीच्या हॉटेलात वाजवत असताना त्यांनी गांधीजींना ऐकले. आपण अमेरिकनांसारखे वाजवतो, पण हिंदुस्थानी माणूस म्हणून काय वाजवतो, हा विचार त्यानंतर त्यांना सोडीना. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हा प्रश्न केवळ राजकारण्यांना नव्हे, रात्री बाराला ट्रम्पेट पुसून पेटीत ठेवणाऱ्या माणसालाही पडला होता.

११/
१९४७ नंतर काही वर्षांतच या व्यवसायाला लागोपाठ तीन धक्के बसले. पहिला, ब्रिटिश अधिकारी आणि सैनिक निघून गेले. दुसरा, संस्थाने विलीन झाली आणि संस्थानिकांचा सढळ हात आखडला. तिसरा, फाळणीने लाहोरसारखे भरभराटीचे शहर सीमेपलीकडे गेले. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात स्वतःचा वाद्यवृंद चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा यांना मुंबई गाठावी लागली. फाळणीचा इतिहास वाचताना निर्वासितांच्या गर्दीत व्हायोलिनची पेटी घेतलेला गोमंतकीय सहसा आपल्या नजरेसमोर येत नाही.

१२/
त्यात भर पडली दारूबंदीची. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ साली झाला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. गृहखाते होते मोरारजी देसाई यांच्याकडे. नाइटक्लबाचे अर्थशास्त्र साधे असते: वादकाचा पगार गिऱ्हाइकाच्या पेल्यातून निघतो. पेले रिकामे झाले, तसे वाद्यवृंद लहान होऊ लागले. आता या शेकडो कुशल हातांना काम देऊ शकेल असा एकच मोठा मालक मुंबईत उरला होता, तो म्हणजे हिंदी सिनेमा.

१३/
सिनेमालाही त्यांची तितकीच गरज होती. पार्श्वगायनाची पद्धत रुळली होती, वाद्यवृंद मोठे होत चालले होते. बहुतेक संगीतकार राग-तालाच्या परंपरेत वाढलेले. ते पेटीवर चाल बांधीत. मात्र वीस-तीस व्हायोलिने, सेलो, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्यासाठी वेगवेगळे सूर कागदावर लिहिणे हे निराळे शास्त्र होते. त्यासाठी लागणारी स्वरलिपी गोव्यातील मेस्ताने आपल्या विद्यार्थ्यांकडून घोटून घेतली होती.

१४/
त्या काळी गाण्याचे ध्वनिमुद्रण कसे होई, हे समजले की या कौशल्याचे मोल कळते. गायक आणि सारे वादक एकाच वेळी गात-वाजवत. एकाचा सूर चुकला तर सर्वांना पुन्हा आरंभापासून वाजवावे लागे. वेळ म्हणजे स्टुडिओचे भाडे, कच्च्या फिल्मचा खर्च. अशा वेळी सकाळी हाती आलेला कागद पाहताक्षणी वाजवू शकणारा वादक सोन्याच्या मोलाचा ठरे. व्हायोलिनच्या रांगा गोमंतकीयांनी भरून गेल्या, त्या या कारणाने.

१५/
कागदावर सूर लिहिणाऱ्या या माणसाला चित्रपटसृष्टीत 'अरेंजर' म्हणत. मुखड्याआधीचा वाद्यमेळ, दोन कडव्यांमधील जागा, गायकाच्या सुरामागून वाहणारी व्हायोलिनची दुसरी ओळ, हे सारे त्याच्या हातचे काम. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत व्हायोलिनांचा जो भरदार ओघ ऐकू येतो, तो लिहिणारे होते लाहोरहून आलेले सेबॅस्टियन डिसोझा. ओ. पी. नय्यर यांच्यासाठीही त्यांनीच लिहिले. चाल संगीतकाराची, हे खरेच. पण आपण गुणगुणतो ते गाणे फक्त चालीचे नसते.

१६/
आता विदर्भाकडे वळू. रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र यांचा जन्म १९१८ चा, पुणतांब्याचा; पण त्यांच्या सुरुवातीच्या संगीतशिक्षणाचे एक महत्त्वाचे ठिकाण म्हणजे नागपूर. तेथे ते शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. याच सप्रेगुरुजींचे आणखी एक शिष्य म्हणजे अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडे. एकाच गुरूच्या पायरीवरून एक जण ख्याल-नाट्यगीताकडे गेला आणि दुसरा थेट जॅझच्या दारात जाऊन उभा राहिला.

१७/
ज्या दिवशी देश स्वतंत्र झाला, त्याच १५ ऑगस्ट १९४७ रोजी सी. रामचंद्र यांचा 'शहनाई' प्रदर्शित झाला. त्यात रविवारच्या भेटीचे आमंत्रण देणारे खट्याळ, निमइंग्रजी गाणे होते. अनेकांनी नाके मुरडली, लोकांनी ते डोक्यावर घेतले. पुढे 'समाधी' (१९५०) आणि 'अलबेला' (१९५१) यांतून हा रंग गडद झाला. या वाटचालीत रामचंद्र यांच्या सोबतीला होते चिक चॉकलेट. बाँगोसारखी लॅटिन तालवाद्ये सिनेमात रुजवणारे पारशी वादक कावस लॉर्ड हेदेखील याच वर्तुळातले.

१८/
आणि मग येतात भगवान आबाजी पालव. जन्म १९१३, अमरावती. वडील कापडगिरणीत कामगार. भगवान वाढले ते मुंबईच्या गिरणगावात. मूकपटाच्या अखेरच्या काळात ते सिनेमात शिरले आणि मग स्वस्तातले मारधाडपट काढू लागले. ते पट कामगारवस्तीतील थिएटरांत चालत, प्रतिष्ठितांच्या खिजगणतीत नसत. सामाजिक विषयावरचा चित्रपट काढ, हा सल्ला त्यांना राज कपूर यांनी दिला, अशी आठवण प्रसिद्ध आहे. त्यातून 'अलबेला' जन्मला.

१९/
'अलबेला'ची गंमत अशी की त्याचा नायक देखणा नाही, नृत्यात तयार नाही. बुटका, भरल्या अंगाचा हा माणूस खांदे आणि हात हलवत, जागच्या जागी डुलत नाचतो. पाहणाऱ्याला वाटते, हे तर मलाही जमेल. ताजच्या नृत्यगृहातील रुंबा शिकायला शिक्षक लागे, योग्य कपडे लागत, हातात जोडीदार लागे. भगवानदादांनी तोच ताल घेतला आणि त्यावर कुणालाही करता येईल असे पाऊल बसवले. क्लबातले संगीत गल्लीत उतरले, त्यात त्या पावलाचा मोठा वाटा आहे.

२०/
ही नक्कल होती का? आरोप तेव्हाही झाला आणि तो निराधार नव्हता. 'समाधी'तील एका गाजलेल्या गाण्यावर एडमुंडो रॉस यांच्या वाद्यवृंदाच्या लॅटिन गाण्याची छाया स्पष्ट आहे. पण 'अलबेला' सलग ऐकावा. त्यातच लताबाई आणि चितळकर यांच्या आवाजातील अंगाईगीत आहे, संथ, अस्सल देशी वळणाचे. एकाच चित्रपटात अंगाई आणि रुंबा नांदतात आणि श्रोत्याला खटकत नाहीत. उसनवारी करणाऱ्याला इतके सहज मिसळता येत नाही. दोन्ही भाषा अंगात मुरलेल्यालाच ते साधते.

२१/
हे सूर वऱ्हाडात आले कसे? १९५१ चा राजकीय नकाशा पाहा. अमरावती आणि अकोला तेव्हा मुंबई राज्यात नव्हतेच. ते मध्य प्रदेशात होते आणि राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. पण सिनेमाच्या रिळांना राज्याच्या सीमा नसतात. चित्रपट-वितरणाच्या व्यवहारात आपला प्रदेश 'सी.पी. बेरार' म्हणून ओळखला जाई. तो प्रांत केव्हाच संपला, तरी वितरकांच्या बोलण्यात हे नाव अजून जिवंत आहे.

२२/
भुसावळ, अमरावती या गावांतील वितरकांमार्फत पेट्या सुटत. आधी शहरातील टॉकीज, मग तालुक्याचे गाव, मग यात्रेतला तंबू. नवा चित्रपट मुंबईत लागल्यापासून खेड्यातील तंबूत पोहोचेपर्यंत रीळ पुरते घासून गेलेले असे. पडद्यावर पावसासारख्या रेषा पडत. गाणे मात्र सर्वांच्या आधी पोहोचलेले असे, कारण ते हॉटेलातल्या ग्रामोफोनवर आणि लाउडस्पीकरवर वाजत असे.

२३/
रेडिओची कथा आणखी बोधप्रद आहे. १९५२ साली बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीतांतील पाश्चात्त्य संकर त्यांना अजिबात रुचत नसे. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम उलटा झाला. श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. डिसेंबर १९५२ मध्ये तेथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अखेर १९५७ मध्ये सरकारला 'विविध भारती' सुरू करावी लागली. मराठी मंत्र्याने अडवलेले मराठी संगीतकाराचे संगीत लंकेहून वऱ्हाडात आले.

२४/
पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे बँडपार्टी. लग्नसराईत अमरावती-अकोल्यात जो बँड वाजतो, त्यातील ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ही मुळात लष्करी बँडची वाद्ये. वाजवणारे बहुधा पिढीजात वाजंत्री. सनई-चौघड्याकडून ते या वाद्यांकडे वळले. स्वरलिपी त्यांना येत नसे. सिनेमा पाहून, रेकॉर्ड ऐकून ते चाल कानाने उचलत. ग्रीन्स हॉटेलातील ट्रम्पेटचे वळण वरातीतील ट्रम्पेटपर्यंत आले ते असे, एका कानातून दुसऱ्या कानात.

२५/
येथे दोन वादकांची तुलना करण्याचा मोह होतो. एक चर्चच्या शाळेत शिकलेला, कागद वाचणारा, कोट घातलेला. दुसरा वाजंत्री कुटुंबातला, कागद न वाचणारा, झालरीचा भाड्याचा गणवेश घातलेला. दोघांना एकमेकांचे अस्तित्वही ठाऊक नसावे. दोघेही दुसऱ्यांच्या समारंभात रात्री वाजवणारे. दोघांचेही पोट हंगामावर. दोघांचेही नाव कुठे लिहिलेले नाही. आपल्या आनंदाचे आवाज ज्यांनी घडवले, त्यांच्याविषयी आपण किती कमी जाणतो!

२६/
सिनेमाने या वादकांचे संगीत घेतले आणि त्यांच्या जगाची बदनामीही केली. १९५० च्या दशकापासून हिंदी चित्रपटात नाइटक्लब म्हणजे तस्करांचा अड्डा आणि ख्रिस्ती पात्र म्हणजे दारुडा विनोदी माणूस किंवा तोकड्या कपड्यांतली 'रोझी' असे समीकरण बसले. प्रत्यक्षात रात्री क्लबात वाजवणारा वादक रविवारी सकाळी चर्चमध्ये हजर असे आणि महिनाअखेर गावाकडे मनीऑर्डर पाठवीत असे. वऱ्हाडातील प्रेक्षकाला गोमंतकीय ख्रिस्ती माणूस भेटला तो बहुतेक पडद्यावरच. त्यामुळे हा ग्रह दीर्घकाळ टिकला.

२७/
श्रेयनामावलीचा प्रश्न तर अधिकच बोचरा आहे. चिक चॉकलेट यांना 'नादान' (१९५१) सारख्या चित्रपटाचे संगीतकार म्हणून नाव मिळाले, पण असे प्रसंग विरळा. अरेंजर क्वचित 'सहायक' म्हणून झळके. व्हायोलिनच्या रांगेतील वादकाला रेकॉर्डिंगपुरता मोबदला मिळे. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजत राहिले तरी त्याचा त्याच्याशी संबंध उरत नसे. रेकॉर्डच्या वेष्टनावर गायक, गीतकार, संगीतकार आणि चित्रपट यांची नावे असत. उरलेले पन्नास-साठ जण 'वाद्यवृंद' या एका शब्दात मावत, तोही छापला असेल तर.

२८/
या अनामिकतेविरुद्ध एका माणसाने उभे राहून पाहिले. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात आपल्या 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा'चा कार्यक्रम केला. भारतीय राग पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी त्यांनी लिहिले होते. गायला होत्या लता मंगेशकर आणि होते मन्ना डे. एरवी काचेपलीकडे अदृश्य असणारे वादक त्या दिवशी श्रोत्यांसमोर बसले. फ्रँक फर्नांड यांना मसुरीत पडलेल्या प्रश्नाचे हे एक उत्तर होते.

२९/
गोन्साल्विस १९६५ च्या सुमारास अमेरिकेला गेले आणि परतल्यावर त्यांनी सिनेमाकडे पाठ फिरवली. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेला एक मुलगा पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल झाला. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मध्ये अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतात, ते या गुरूचे आहे. अकोल्यातील लहान पोरालाही ते नाव पाठ असते. ते हाडामांसाच्या माणसाचे नाव आहे, हे मात्र त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. २०१२ साली ते गोव्यात वारले.

३०/
दरम्यान मुंबईचे क्लब पुन्हा एकदा उजळले होते. दारूबंदी सैल होत गेली, तशी साठच्या दशकात चर्चगेट स्ट्रीटवर (आजचा वीर नरिमन मार्ग) ॲस्टोरिया हॉटेलचे 'व्हेनिस', ॲम्बेसेडर, बॉम्बेली अशी ठिकाणे गजबजली. मडगावचे ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना कोर्देरो यांनी त्याच काळात कोकणी गाण्यांत जॅझ असा मुरवला की आजही ती गोमंतकीय घराघरांत वाजतात. फ्रँक फर्नांड यांनी 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोकणी चित्रपट निर्माण केले. दुसऱ्यांसाठी वाजवून झाल्यावर या वर्तुळाने अखेर स्वतःच्या भाषेत संगीत केले.

३१/
१९६४ साली खुद्द लुई आर्मस्ट्राँग मुंबईत येऊन गेले. 'हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग' १९६७ साली जेमतेम पन्नाशीत वारला. सत्तरच्या दशकात क्लबात रॉक आले, मग ध्वनिमुद्रित संगीत आले आणि वाद्यवृंद पांगले. पुढे सिंथेसायझर आला. व्हायोलिनच्या रांगांचीही गरज उरली नाही. नवी यंत्रे आली की कोणते हात रिकामे होतात, हा प्रश्न आज आपल्यालाही जवळचा वाटावा.

३२/
आणि पुढे उभे असलेले भगवानदादा? 'झमेला' (१९५३) सारख्या पुढच्या चित्रपटांना 'अलबेला'चे यश लाभले नाही. जुहूचा बंगला आणि मोटारी गेल्याच्या कथा सर्वश्रुत आहेत. नंतर ते इतरांच्या चित्रपटांत क्षणभर येऊन आपलेच गाजलेले पाऊल टाकून जात. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या चाळीत त्यांचा अंत झाला. नाव राहिले, पण नावाने पोट भरले नाही. मागच्या माणसाच्या वाट्याला नावही आले नाही. पडद्यावरच्या त्या एका चौकटीत विस्मृतीचे हे दोन प्रकार शेजारी-शेजारी उभे आहेत.

३३/
मग आज आपल्याला हे सारे ठाऊक कसे? नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट'साठी, ग्रेगरी बूथ यांनी 'बिहाइंड द कर्टन'साठी वृद्ध वादकांच्या घरी जाऊन त्यांना बोलते केले म्हणून. जुनी छायाचित्रे, कार्यक्रमपत्रिका आणि आठवणी यांतून नावे परत आली. विशेष म्हणजे याच बूथ यांनी त्याआधी हिंदुस्थानातील लग्नाच्या बँडवाल्यांवरही एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. कोट घातलेला वादक आणि गणवेश घातलेला वादक एकाच अभ्यासकाच्या वहीत भेटले.

३४/
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथेच आपल्या वऱ्हाडचे काम दिसते. मुंबईच्या वादकांना उशिरा का होईना, लेखक मिळाले. अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, अचलपूर येथील बँडपार्ट्यांत चाळीस-पन्नास वर्षे ट्रम्पेट फुंकलेली माणसे अजून हयात आहेत. कोणत्या वर्षी कोणते गाणे आले, ते कुठे ऐकले, कुणी बसवून दिले, याची नोंद त्यांच्या स्मरणाखेरीज कुठेच नाही. अभिलेखागारात ती मिळणार नाही, कारण ती तेथे कधी गेलीच नाही.

३५/
म्हणून एक विनंती. तुमच्या गावात असा जुना वादक असेल, तर एक दुपार त्यांच्यापाशी बसा. त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. नाव, जन्मगाव, गुरू, वाद्य कुठून घेतले, पहिले सिनेगीत कोणते वाजवले, हे पाच प्रश्न पुरेत. बाकीचे ते स्वतःच सांगतील. आणि पुढच्या वरातीत 'अलबेला'ची चाल कानी आली, तर नाचणाऱ्यांच्या मागे कोण उभे आहे ते अवश्य पाहा. नाव विचारा. लिहून ठेवा.

(समाप्त)